लागलेले लग्न, केलेले लग्न

मराठीत लग्न ‘लागते’, ‘लावले जाते’ आणि ‘केले’ही जाते. या क्रियापदांमध्ये किती अंतर आहे, याची जाणीव मला भाचीच्या विवाहाची कागदपत्रे जमवताना झाली. ती मूळची देऊळघाटची, बुलढाण्यात शिकलेली. नोकरीनिमित्त नेदरलँड्समध्ये असते. विवाह तेथल्याच नगरपालिकेत नागरी पद्धतीने व्हायचा होता. नावातच देऊळ असलेल्या आमच्या गावात ही वार्ता ‘सह्यांचे लग्न’ म्हणून पसरली आणि ताईच्या, म्हणजे तिच्या आईच्या, मनाला लागली.

कागदांची वाट लांब असते. जन्माचा दाखला हवा, अविवाहित असल्याचे प्रतिज्ञापत्र हवे. त्यावर राज्य शासनाचे साक्षांकन आणि शेवटी परराष्ट्र मंत्रालयाचे ‘ॲपोस्टिल’. ॲपोस्टिलसंबंधीचा हेग करार १९६१चा. भारतात तो २००५ साली लागू झाला. या सगळ्या कागदांत गोत्र, जात, पत्रिका यांना रकानाच नव्हता. विचारलेले प्रश्न दोनच होते : तुम्ही कोण, कुठल्या? आणि आज विवाहास मोकळ्या आहात का?

तेथील कायद्यानुसार विवाहाचा मनोदय नगरपालिकेला कळवल्यावर किमान १४ दिवस थांबावे लागते. साक्षीदार किमान दोन, फार तर चार. धार्मिक विधी करायचा तर नागरी विवाहानंतरच. हे शेवटचे कलम ताईला सर्वांत झोंबले. “देवाच्या आधी सरकार?” असे तिने विचारले. मजजवळ त्याला तयार उत्तर नव्हते.

मात्र साहित्य शिकवणाऱ्या माणसाचे लक्ष विधीपेक्षा त्याच्या भाषेकडे जाते. आपल्याकडे अंतरपाटाच्या दोन बाजूंना वधूवर मुकाट उभी असतात. मंगलाष्टके इतर म्हणतात, अक्षता इतर टाकतात. सप्तपदीचे मंत्र संस्कृतात असतात. त्यांचा अर्थ त्या क्षणी किती वधूंपर्यंत पोचत असेल? नागरी विवाहात मात्र बोलावे लागते ते त्या दोघांनाच. आणि ही केवळ परदेशी रीत नव्हे. आपल्या १९५४च्या विशेष विवाह कायद्यातही विधी कोणताही करण्याची मुभा आहे. पण विवाह अधिकारी आणि तीन साक्षीदार यांच्यासमोर, दोघांना समजणाऱ्या भाषेत, एकमेकांचा स्वीकार केल्याचे वाक्य उच्चारल्याखेरीज तो विवाह पूर्ण होत नाही. कायद्याच्याही आधी जोतीराव फुले यांनी हे ओळखले होते. १८७३ साली सत्यशोधक पद्धतीचे विवाह सुरू झाले. जोतीरावांनी रचलेली मंगलाष्टके मराठीत आहेत आणि ती वधूवरांनी स्वतः एकमेकांना उद्देशून म्हणायची आहेत. आपण ती अभ्यासक्रमात ‘समाजसुधारणा’ या मथळ्याखाली उरकतो. वस्तुतः तेथे प्रश्न बोलण्याच्या हक्काचा आहे.

विवाहाच्या दिवशी ताईच्या घरी मोबाइलभोवती दहा-बारा माणसे जमली होती. अधिकारी बाईंनी काहीतरी विचारले आणि भाची स्पष्ट आवाजात म्हणाली, “या.” डच भाषेत होकाराचा उच्चार ‘या’ असाच होतो. इकडे शेजारच्या काकू चटकन म्हणाल्या, “कुणाला बोलावतेय?” सगळे हसले. मग मुलानेही तोच शब्द उच्चारला. काही मिनिटांत सारे आटोपले.

पुढे १९६९च्या विदेशी विवाह कायद्यान्वये भारतीय वकिलातीत नोंद करता येते, तेही मी दोघांना कळवले. दिवाळीत ती दोघे गावी आली तेव्हा ताईने सत्यनारायण घातला. त्याला कुणाचीच हरकत नव्हती.

पाहुणे पांगल्यावर ताईने मला त्या दिवशीच्या प्रश्नाचा अर्थ विचारला. “याला नवरा म्हणून स्वीकारतेस का, असे विचारले,” मी सांगितले. ती बराच वेळ वाती वळत राहिली. मग म्हणाली, “मला विचारले असते तरी मी हो म्हटले असते रे. पण विचारले नाही कुणी.”