झेरॉक्स काढून आणा

बक्षीसपत्र करायला माणसं जोडीनं येतात. पुढे फाइल घेऊन मुलगा किंवा पुतण्या, मागे पदर सावरत आजी. मी आजींना विचारते, "घर कोणाच्या नावावर करायचंय?" उत्तर मुलगा देतो. दुसऱ्या प्रश्नालाही तोच बोलला, की मी त्याला झेरॉक्स काढायला खाली पाठवते. मशीन माझ्या ऑफिसातच आहे, ते सोडा.

ती दहा मिनिटं माझ्या वकिलीतली सगळ्यात मोलाची. पासबुक कुठे असतं? पेन्शन कोण काढतं? सही झाल्यावर तुम्ही कुठे राहणार? एक आजी तिसऱ्या प्रश्नाला म्हणाल्या, "ते त्यालाच ठाऊक." एटीएम कार्ड मुलाकडे, पासबुक दोन वर्षांत पाहिलेलं नाही, बीपीच्या गोळ्यांनाही पैसे मागून घ्यायचे. मारहाण नाही, उपासमार नाही. "सगळं बघतो हो तो," असंही वर सांगितलं. हे वाक्य मी रोज ऐकते आणि बहुतेकदा ते खरंच असतं. पण बघणारा मुलगा हिशेब विचारला तर चिडत नाही, पासबुक पुढे करतो. मी आधी तेवढंच तपासते.

महाराष्ट्रात राहतं घर मुला-नातवंडांना बक्षीस दिलं तर मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये. वर स्थानिक कर आणि नोंदणीचा खर्च. सवलत चांगलीच आहे, पण तिच्यामुळे घाईही स्वस्त झाली. मृत्युपत्र हवं तेव्हा बदलता येतं. नोंदवलेलं बक्षीसपत्र मन बदललं म्हणून मोडत नाही. २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम २३ इथं उपयोगी पडतं: सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळ झाला नाही, तर न्यायाधिकरण ते हस्तांतरण रद्दबातल ठरवू शकतं. खोच 'अटीवर' या शब्दात आहे. अट होती हे सिद्ध व्हायला हवं, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२२मध्ये म्हटलं. जानेवारी २०२५मध्ये त्याच न्यायालयानं कलमाचा अर्थ उदारपणे लावून एका आईचं बक्षीसपत्र रद्द केलं. तिथंही मुलानं सांभाळाचं लेखी वचन दिल्याचा कागद होता. म्हणून मी दस्तात सांभाळाची अट आणि हयातभर त्याच घरात राहण्याचा हक्क लिहितेच. त्या आजींच्या मुलाला हे सांगितलं, तर "आमच्यात असलं लागत नाही" म्हणत त्यानं फाइल उचलली.

सही होऊन गेली असेल तरी प्रांत कार्यालयातल्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. त्याला वकील लागत नाही, हे माझ्या धंद्याच्या विरुद्ध असलं तरी सांगते. सल्ल्याला १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे. फोनवरून फसवून पैसे काढले असतील तर १९३०, तेही लगेच.

या दिवाळीत फराळाचं ताट घेऊन शेजारच्या आजींकडे जाल, तेव्हा घरातले जरा बाजूला झाले की विचारा: पासबुक कुठे असतं?