मामीचं बेसन आणि डॉक्टरांची ट्यूब

नांदेडच्या वन्संची मुलगी बारावीच्या क्लाससाठी एप्रिलपासून आमच्याकडे लातूरला आहे. पोर गुणी, पण चेहरा मुरमांनी भरलेला. त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी ॲडापॅलिनची ट्यूब दिली. आठ दिवसांत गाल लालभडक, हनुवटीची सालं निघालेली! क्लासचं नाव काढीना, घरातसुद्धा ओढणी गुंडाळून बसायची. दुसऱ्याची लेक भरवशावर ठेवलेली. माझ्या घशाखाली घास उतरेना.

आता माझं शहाणपण ऐका. शाळेत मी मुलींना आरोग्याचे धडे देते, आणि घरी? ‘औषध उष्ण पडलं’ म्हणत बेसनात लिंबू पिळून तिच्या गालांना चोळलं. पोर कळवळली हो! त्यात बोअरचं जड पाणी आणि वैशाखाचं ऊन. तिकडून वन्संचा फोन, “बंद कर ते. मी गोरं करणारी ट्यूब पाठवते.” एसटीने येणाऱ्या शेजाऱ्यांबरोबर धाडलीही.

सुदैवाने लावण्याआधी दोन्ही ट्यूबा घेऊन बाईंकडे गेलो. वन्संची त्यांनी बाजूलाच काढली. तिच्यात स्टेरॉइड होतं. चार दिवस चेहरा उजळ दिसतो, पुढे त्वचा पातळ होते, मुरमं उलट वाढतात. १४ प्रकारच्या स्टेरॉइडांची मलमं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत, असा नियम २०१८ सालीच झालाय म्हणे. पण मेडिकलवाल्याला विचारतं कोण!

मग भाचीला म्हणाल्या, “कशी लावतेस, दाखव बरं.” पोरीने कोल्ड क्रीम थापावं तसं बोटभर घेतलं, तेही सकाळ-संध्याकाळ! घोडं तिथंच पेंड खात होतं. हे औषध अ-जीवनसत्त्वाच्या कुळातलं. त्वचेची छिद्रं ते तुंबू देत नाही, पण सुरुवातीचे काही आठवडे थोडी जळजळ होतेच. जास्त लावलं म्हणून गुण लवकर येत नाही, चेहरा मात्र सोलतो.

लाली उतरेपर्यंत ट्यूब बंद. नंतर तिसऱ्या रात्री एकदा, सोसलं तर एक दिवसाआड. सौम्य साबणाने चेहरा धुऊन टिपायचा, अर्धा तास कोरडा होऊ द्यायचा. आधी बिनवासाचं साधं मॉइश्चरायझर, त्यावर वाटाण्याएवढं औषध, तेवढंच साऱ्या चेहऱ्याला. डोळे, ओठ आणि नाकपुड्यांच्या कडा सोडायच्या. दिवसा सनस्क्रीन. स्क्रब, ब्लीच आणि मामीचं बेसन बंद! दिवस गेलेल्या किंवा तसा विचार असलेल्या मैत्रिणींनी मात्र हे औषध लावू नये, डॉक्टरांना तसं आधीच सांगावं.

गुण यायला आठ ते बारा आठवडे लागतात. त्या अर्ध्या तासात पोर रसायनशास्त्राची समीकरणं घोकायची, मी घड्याळाकडे बघत भांडी आवरायची.

राखीला वन्सं आल्या. दोन-चार डाग होते अजून. पण दार पोरीनेच उघडलं, ओढणीशिवाय. वन्सं तिच्याकडे बघतच राहिल्या. मग हळूच मला म्हणाल्या, “माझीच ट्यूब लावली ना गं?”