रिपोर्ट नॉर्मल आहे

"सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत," असं डॉक्टर म्हणाले की घरचे अल्हम्दुलिल्लाह म्हणतात. पण ज्याचं अंग रात्रभर ठणकतं, त्याच्या मनात वेगळीच धाकधूक सुरू होते. आता आपल्या दुखण्यावर कोण एतबार करणार? आमच्या चाचांनी हे वाक्य इतक्या वेळा ऐकलं की पुढे पुढे ते स्वतःच म्हणायचे, "नॉर्मलच असेल, पैसे नका घालवू."

चाचा कुवेतमध्ये ड्रायव्हर होते. ऑगस्ट १९९० मध्ये इराकी फौजा शिरल्या, तेव्हा अम्मानमार्गे एअर इंडियाच्या विमानांनी परत आणलेल्या पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीयांत तेही होते. कोकणातल्या कितीतरी घरांना ते दिवस आठवत असतील. पुढच्या उन्हाळ्यात ते पुन्हा गेले. सहाशेहून अधिक तेलविहिरी पेटवल्या गेल्या होत्या, शेवटची विझली ती नोव्हेंबर १९९१ मध्ये. भर दुपारी दिवे लावून गाडी चालवल्याचं ते सांगतात. काही वर्षांनी थकवा सुरू झाला, तळव्यांची आग, झोप नाही, बोलता बोलता शब्द विसरणं. हे त्या धुरामुळेच झालं असं आम्ही म्हणत नाही, कोणत्याही डॉक्टरांनी तसं सांगितलेलं नाही. पण नातेवाइकांत त्यांना 'कामचुकार' हा शब्द चिकटला तो चिकटलाच.

म्हणूनच अमेरिकन सैनिकांच्या 'गल्फ वॉर इलनेस'बद्दल आम्ही वाचलं तेव्हा मन तिथे अडकलं. १९९०-९१ मध्ये जवळपास सात लाख अमेरिकन सैनिक आखातात गेले होते. परतल्यावर त्यांतल्या अनेकांना अशाच तक्रारी सुरू झाल्या : न जाणारा थकवा, सांधे आणि स्नायू दुखणं, विसराळूपणा, पोटाचे त्रास, अंगावर पुरळ. तपासण्या नॉर्मल. वर्षानुवर्षं त्यांना सांगितलं गेलं की हा मनावरचा ताण आहे. तिथल्या संसदेच्या आदेशाने नेमलेल्या समितीने २००८ साली मान्य केलं की आजार खरा आहे आणि गेलेल्यांपैकी पाव ते एक तृतीयांश सैनिकांना तो आहे. सतरा वर्षं! समितीने बोट ठेवलं ते मुख्यतः दोन गोष्टींवर : विषारी वायूपासून बचावासाठी दिलेल्या पायरिडोस्टिग्मिनच्या गोळ्या आणि छावण्यांत वापरलेली कीटकनाशकं. मार्च १९९१ मध्ये दक्षिण इराकात खमिसिया इथला शस्त्रसाठा उडवला गेला, त्यात सरीन हा वायू होता. त्याचाही संशय आहे. या तिन्ही गोष्टी मज्जातंतूंच्या एकाच रसायनाच्या कामात ढवळाढवळ करतात.

आता डोळ्यांकडे येऊ. नववीच्या वर्गात आम्ही हे सांगितलं तेव्हा एका मुलीने विचारलं, "सर, दुखतं पायात, मग फोटो डोळ्याचा का?" प्रश्न अगदी बरोबर होता. आम्ही फळ्यावर घराची वायरिंग काढली. वायरमन मेन लाइन तपासतो, म्हणतो सप्लाय ठीक आहे. आणि बेलची बारीक वायर उंदरांनी कुरतडलेली असते. शरीरातही जाड आणि बारीक मज्जातंतू असतात. दवाखान्यात विजेचा हलका झटका देऊन जी नसांची तपासणी करतात, ती जाड तंतूंची. वेदना, उष्ण-थंड, घाम हे सगळं बारीक तंतूंचं काम. ते झिजले तरी रिपोर्ट नॉर्मलच येतो. बारीक तंतू पाहायचे तर पायाच्या कातडीचा सुमारे तीन मिलिमीटरचा तुकडा काढावा लागतो.

पण एक जागा अशी आहे जिथे कापावं लागत नाही. बुबुळावरचा पारदर्शक पडदा, कॉर्निया. जाडी अर्धा मिलिमीटर, रक्तवाहिनी एकही नाही आणि बारीक मज्जातंतूंची मात्र नुसती दाटी. डोळ्यात कचरा गेल्यावर जीव का कासावीस होतो, ते यावरून कळावं. बधिर करणारा थेंब टाकतात, हनुवटी टेकवून बसायचं, कॉन्फोकल मायक्रोस्कोपचं भिंग डोळ्याला अलगद लागतं आणि काही मिनिटांत काळ्या पडद्यावर पांढरे धागे दिसतात. ते किती, केवढे लांब, त्यांना फांद्या किती, हे संगणक मोजतो. मधुमेहींच्या नसांसाठी ही पद्धत रुळवण्यात डॉ. रयाझ मलिक यांचं मोठं काम आहे, आधी मँचेस्टरला, नंतर कतारमध्ये. दुसरं यंत्र ओसीटी, ते आतला पडदा थर थर वेगळे करून मोजतं. तो पडदा म्हणजे मेंदूचाच पुढे आलेला भाग. ओसीटीचा शोधनिबंध १९९१ चा, म्हणजे युद्धाच्याच वर्षाचा.

अमेरिकेत मायामीच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयातल्या नेत्रतज्ज्ञांनी आजारी आणि निरोगी सैनिकांचे डोळे ताडून पाहिले. आजाऱ्यांच्या जळजळीच्या, कोरडेपणाच्या तक्रारी कितीतरी जास्त होत्या, अश्रूंच्या तपासणीत मात्र फारसा फरक नव्हता. कुणी म्हणेल, बघा, नाटक! तज्ज्ञ तसं म्हणत नाहीत. डोळा ठीक आणि दुखणं मोठं असेल, तर दुखण्याची खबर नेणाऱ्या तंतूंकडे पाहावं, असा त्यांचा रोख आहे.

फोटोने सगळं सुटेल असं समजू नये. कॉर्नियाचे तंतू मधुमेहातही विरळ होतात, इतर आजारांतही. फोटो नुकसान दाखवतो, ते कुणी केलं हे नाही सांगत. भरपाईच्या दाव्यात नेमकं तेच विचारलं जातं.

जाता जाता एक गोष्ट. प्रकाश डोळ्यात शिरतो म्हणून दिसतं, हे प्रयोगांनी मांडणारे इब्नुल हैसम दहाव्या शतकात बसऱ्यात जन्मले. त्याच मुलखात हे युद्ध झालं. धूर तर तिथल्या रहिवाशांनीही गिळला, पण डोळे तपासले जातात ते परत गेलेल्या सैनिकांचे. हे आम्हाला खटकतं.

आपल्या घरांतही 'अंग दुखतं' म्हणणाऱ्या बायका आहेत, ज्यांना फायब्रोमायल्जिया असं नाव मिळतं, किंवा तेही मिळत नाही. अशा बऱ्याच रुग्णांत बारीक तंतू कमी झालेले आढळले आहेत. हे यंत्र आमच्या तालुक्यात नाही. मधुमेह असेल तर वर्षातून एकदा बुबुळ मोठं करून आतल्या पडद्याची तपासणी मात्र जिल्ह्याच्या ठिकाणी होते. चाचांची तारीख येत्या जुम्याची आहे. त्यांच्याबरोबर फुफीलाही न्यायचं ठरलं आहे.