मालमत्ता कुणाची?

जो स्पेन्स लंडनची फोटोग्राफर. सुरुवातीला काही वर्षं तिनं पोर्ट्रेट स्टुडिओ चालवला, नटूनथटून आलेल्या कुटुंबांचे फोटो काढले. अशा फोटोंचे अल्बम सगळीकडे सारखेच. आपल्याकडेही बारसं, मुंज, डोहाळजेवण सगळं असतं. सलाइन लावलेली आत्या त्यात नसते. अख्खं घर वर्षभर तिच्याच उशापायथ्याशी होतं, हे अल्बम चाळणाऱ्याला कळायला वाव नाही.

1982 साली जोला स्तनाचा कॅन्सर निघाला. इस्पितळात जायच्या आधी तिनं आपल्या डाव्या स्तनावर पेनानं लिहिलं, ‘ही जो स्पेन्सची मालमत्ता?’ आणि सहकारी टेरी डेनेटच्या मदतीनं फोटो काढला. लग्नकार्यात हरवू नयेत म्हणून आपण भांड्यांवर नावं घालतो ना, अगदी तसं! पण भांड्यावर कुणी प्रश्नचिन्ह घालत नाही. मला आधी हसू येतं, मग ते प्रश्नचिन्ह दिसतं, आणि नजर तिथून हलत नाही.

तिची शंका खरी निघाली. वॉर्डात एक तरुण डॉक्टर विद्यार्थ्यांचा घोळका घेऊन आला. ओळख नाही, पाळख नाही. कागद चाळले, वाकला आणि तिच्या छातीवर शाईनं फुली मारू लागला. स्तन काढायचा, हे ठरूनही गेलं होतं. ती नाही म्हणाली. फक्त गाठ काढू दिली.

आजाऱ्याला भेटायला येणारे ‘हसतमुख राहा’ असं बजावून जातात. त्यात त्यांचीच सोय असते, असं मला फार वाटतं. त्यांना निघताना हलकं वाटायला हवं असतं. जोचा विनोद कुणाची अशी सोय पाहत नाही. तो तिच्या बाजूनं भांडतो. आजारपणातले असे फोटो पुढे तिनं ‘द पिक्चर ऑफ हेल्थ?’ या नावानं लोकांपुढे मांडले, तेव्हा पाहणाऱ्याला नजर चुकवायला जागाच उरली नाही.

नंतर तिला रक्ताचा कॅन्सर झाला. कॅमेरा घेऊन हिंडण्याची ताकद राहिली नाही, तेव्हा तिनं स्वतःचे जुने फोटो बाहेर काढले आणि त्यांवर कवट्या, सांगाडे चढवले. मेक्सिकोत मृतांचा सण खेळण्यातल्या सांगाड्यांनी सजतो, ते तिला भावलं होतं. 1992 साली ती गेली. मरण कसं दिसावं, हेही तिनं डॉक्टरांवर सोडलं नाही, म्हणून ती मला इतकी जवळची वाटते.