बॅटरी भरलेली, गाडी मेलेली

विषय निघाला की वहिनी अजूनही तडकतात. नव्या बॅटरीला सहा हजारांच्या वर पैसे गेले, पण राग पैशांचा नाही. जुनी बॅटरी काढण्याआधी तिला कुणी साधा मीटर लावला नाही, हे त्यांना खुपतं.

घर माजिवड्याला, नोकरी डोंबिवलीला, गाडी ऑटोमॅटिक. पावसाळ्यातल्या एका सकाळी त्यांनी किल्ली फिरवली आणि काहीच झालं नाही. सेल्फ नाही, डॅशबोर्डवर दिवा नाही, हॉर्नसुद्धा नाही. सर्व्हिस सेंटरचा मुलगा आला, बॉनेट उघडून म्हणाला, "बॅटरी गेली, मॅडम." त्याने नवी बसवली, गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली. जुनी एक्सचेंजमध्ये गेली.

काही आठवड्यांनी तेच. या वेळी भर पावसात, माजिवडा नाक्यावर. पूर्व द्रुतगती मार्ग, नाशिकचा रस्ता आणि घोडबंदर रोड जिथे एकमेकांत शिरतात, त्या गर्दीत, सर्व्हिस रोडवर. वहिनी औषधं घ्यायला थांबल्या होत्या, मी शेजारी बसलेलो. परत किल्ली फिरवली तर गाडी ठार बंद. अर्ध्यावर उतरवलेली काच वर जाईना, पाऊस थेट सीटवर. धोक्याचे दिवेही लागेनात, म्हणून डिकीतला लाल त्रिकोण मागे नेऊन ठेवला.

दोन रिक्षावाले धक्का मारायला धावले. पण गियर 'पी'मध्ये अडकलेला, आणि करंट नसेल तर तो लिव्हर हलतच नाही. लिव्हरशेजारी एक चिमुकलं झाकण असतं. ते उचकटून आत किल्लीचं टोक दाबलं, तेव्हा गाडी न्यूट्रलला आली. तरी धक्का फक्त बाजूला घेण्यापुरताच. पूर्वी कुर्ल्यात बनणाऱ्या पद्मिनी गाडीला कार्बुरेटर होता, पेट्रोलचा पंप इंजिनच चालवायचं. बॅटरीत थोडी धुगधुगी असली की चार माणसांच्या जोरावर ती निघायची. आताच्या गाडीत पेट्रोलचा पंपही विजेवर आणि इंजिनाचा कॉम्प्युटरही विजेवर. त्यात ऑटोमॅटिक असली तर धक्क्याने चालू होणं विसराच.

बाळकुमच्या बाजूचा एक वायरमन स्कूटरवरून आला. त्याने बॅटरीच्या दोन्ही खुंट्यांना मीटर लावला. आकडा 12.6.

"बॅटरी फुल्ल आहे, ताई."

मग करंट गेला कुठे? त्याने वहिनींना हेडलाइटचा स्विच चालू ठेवायला सांगितलं. मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर, दुसरी इंजिनाच्या उघड्या लोखंडावर धरली. तिथे आकडा शून्याच्या आसपास हवा. आला जवळजवळ 12. म्हणजे बॅटरीचा सगळा जोर त्या दोन टोकांमधल्या अर्थिंगच्या वायरीतच अडला होता. "टाकी भरलीय, व्हॉल्व्ह चोकअप आहे," तो म्हणाला. मीटरला नावापुरता करंट पुरतो, त्यामुळे तो आकडा दाखवतो. सेल्फ फिरवायला शंभराच्या वर अँपिअर लागतात. त्याने निगेटिव्ह क्लॅम्पजवळचं काळं आवरण ब्लेडने चिरलं. आत तांब्याच्या तारांचा हिरवा भुगा झाला होता. वरून वायर नवी दिसत होती. खराब तुकडा छाटून, नवं टर्मिनल दाबून बसवलं, काही शे रुपयांत काम झालं. इंजिन चालू असताना मीटरवर 14.1, म्हणजे अल्टरनेटरही ठणठणीत.

इथे वहिनींचा पारा चढला. नवी बॅटरी बसवताना तोच क्लॅम्प हलला, तारा तात्पुरत्या टेकल्या, गाडी चालू झाली आणि श्रेय बॅटरीने घेतलं! त्या सर्व्हिस सेंटरला गेल्या. काउंटरवर उत्तर मिळालं, जुनी बॅटरी खराबच होती. सिद्ध कसं करणार? ती केव्हाच रिसायकलिंगला गेलेली. 2022च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेली बॅटरी रीतसर परत करायचीच असते, आणि ते योग्यही आहे, शिसं कचऱ्यात जाऊ नये. पण त्या योग्य नियमाने वहिनींचा एकुलता एक पुरावाही नेला. "आधी लोड टेस्ट का नाही केली?" या प्रश्नावर काउंटरवरच्या माणसाने पाणी हवं का, एवढंच विचारलं.

म्हणून बॅटरीचे पैसे देण्याआधी जुनीवर मीटर आणि लोड टेस्ट, दोन्ही आपल्यासमोर करून घ्यावं. बंद गाडीत 12.6 म्हणजे भरलेली, 12.2 म्हणजे निम्मी. दिवे अजिबातच लागत नसतील तर आधी टर्मिनल आणि अर्थिंगची वायर पाहावी. जंप स्टार्टवरून निष्कर्ष काढू नये. त्यात काळी केबल शेवटी बंद गाडीच्या इंजिनाच्या धातूला लावतात, बॅटरीजवळ ठिणगी उडू नये म्हणून. तसं केलं असतं तर वहिनींची गाडीही चालू झाली असती, कारण खराब वायर मधून वगळलीच गेली असती, आणि खापर पुन्हा बॅटरीवर.

आता माझा राग निवल्यावर मला सर्व्हिस सेंटरच्या त्या मुलाची बाजूही दिसते. गाडी त्याच्या डोळ्यांसमोर चालू झाली होती. जुनी बॅटरी चार वर्षांची होती; आपल्या उन्हात बॅटऱ्या साधारण तीन ते पाच वर्षंच टिकतात. कदाचित तिचे दिवस भरलेही असतील. वहिनींना हे सांगितलं तर त्या म्हणतात, "मग मोजून सांगायचं ना!" पुढची सर्व्हिसिंग मात्र त्यांनी तिथेच लावली आहे, कारण गाडीची वॉरंटी अजून बाकी आहे.