पत्त्यातील रेघ

नावाविषयी माणसे पुष्कळ बोलतात. पत्त्याविषयी कोणी बोलत नाही. पत्ता म्हणजे पाकिटावर लिहिण्याची गोष्ट, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु कोलकात्यातील आमच्या कचेरीत संगणकांच्या पत्त्यांची नोंदवही आमच्या हवाली झाली, आणि इतिहासाची पदवी घेतलेल्या आम्हांस तिशी उलटल्यावर पुन्हा अंकगणिताशी सोयरीक जोडावी लागली.

संगणकाचा आयपी पत्ता चार आकड्यांचा असतो, उदाहरणार्थ, १९२.१६८.१०.७०. यातील कोणताही आकडा २५५ च्या वर जात नाही, कारण प्रत्येकाच्या वाट्याला आठच बिटे येतात. ही बिटे म्हणजे वाण्याकडील जुनी वजनेच. शेराचे निम्मे अच्छेर, त्याचे निम्मे पावशेर, त्याचे निम्मे नवटाक. तशीच येथे १२८, ६४, ३२, १६, ८, ४, २ आणि १ अशी आठ वजने. ७० तोलावयाचे तर ६४, ४ आणि २ ही तीन पारड्यात टाकावीत. टाकले तेथे एक, न टाकले तेथे शून्य. अशी एकंदर ३२ बिटे, आणि त्यांतून होणारे सुमारे ४२९ कोटी पत्ते. १९८१ साली ही योजना प्रसिद्ध झाली तेव्हा एवढे पत्ते अपार वाटले असतील. २०११ च्या फेब्रुवारीत त्यांचा मध्यवर्ती साठा वाटून संपला.

येथवर सारे सोपे होते. खरी मौज पुढे आहे. नुसत्या पत्त्यावरून संगणकाला आपला शेजारी ओळखता येत नाही. बत्तीस बिटांपैकी आळी कोठे संपते आणि घर कोठे सुरू होते, ही रेघ वेगळी सांगावी लागते. तिचे नाव सबनेट मास्क. आमच्या कचेरीत ती शेवटच्या आकड्याच्या पहिल्या दोन बिटांनंतर पडली. म्हणजे मास्क झाला २५५.२५५.२५५.१९२, आणि २५६ पत्त्यांच्या ६४-६४ च्या चार आळ्या झाल्या. प्रत्येक आळीतील पहिला पत्ता आळीच्या नावाचा व शेवटचा दवंडीचा, राहिले ६२. आता ६० आणि ७० यांत अंतर दहाचे, तरी ते परके. ७० आणि १२० यांत अंतर पन्नासाचे, तरी ते सख्खे शेजारी! ६० ला ७० शी बोलावयाचे झाल्यास वेशीवरूनच जावे लागते. त्या वेशीला गेटवे म्हणतात.

हे समजावून देणाऱ्या तरुण बंगाली सहकाऱ्यास आम्ही म्हणालो, “अहो, ही तर आमच्या वेलणकरांची पिनकोडाची युक्ती!” श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतचे कवी, आणि डाकखात्यातील अधिकारी. त्यांनी आखलेला सहा अंकांचा पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. त्याचे पहिले तीन अंक डाकेच्या वर्गवारीचा जिल्हा सांगतात, उरलेले तीन वाटपाचे कार्यालय. येथील मुख्य टपाल कार्यालय ७००००१. दक्षिणेकडे कित्येक मैलांवरचे गडिया ७०००८४, म्हणजे आतले. पूल ओलांडताच लागणारे हावडा मात्र ७१११०१, म्हणजे बाहेरचे. आमची वाई तर याहून नवलाची. जिल्हा सातारा, पण साताऱ्याचा पिनकोड ४१५००१ आणि वाईचा ४१२८०३. हे ४१२ सासवडचेही आहे. महसुलाने आम्ही सातारकर, डाकेने पुण्याच्या पंक्तीत! गाव जागचे हलले नाही. रेघ ओढणारे हात दोन, एवढेच.

अशीच एक रेघ सध्या आमच्या घरात वादाचा विषय झाली आहे. केंद्र सरकारच्या नोकराला प्रवास-सवलतीसाठी आपले ‘मूळ गाव’ जाहीर करावे लागते. ते बदलता येते, पण सबळ कारण असेल तरच, आणि साऱ्या नोकरीत एकदाच. आमच्या सेवापुस्तकात वाई आहे. आई गेली; घराला कुलूप आहे. मुलगी येथेच जन्मली, आणि तिचे रागावणेसुद्धा बंगालीत चालते. “कोलकाता लिहून टाका,” सौभाग्यवती म्हणतात, “तिकडे आता जायचं कुणाकडे?” या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नाही.

मास्क बदलल्याने पत्त्याचा एकही आकडा बदलत नाही, हे आम्ही आता जाणतो. बदलतात ते शेजारी. कालपर्यंत ज्याला नुसती हाक पुरे होती, त्याच्याकडे उद्यापासून वेशीवरून जावे लागते. कोलकाता लिहिल्याने वाई पुसली जाणार नाही. फक्त ती पलीकडच्या आळीत जाईल. नोंदवहीतील रेघ चुकली तर दुसऱ्या दिवशी खोडून नवी ओढता येते, सेवापुस्तकातली एकदाच. अर्ज भरून ठेवला आहे. सही तेवढी राहिली आहे.