बॅकअप सोडा, रिस्टोअर बघा!

सध्या मी ऑफिसात येईल त्याला पकडून एकच खेळ दाखवतो. चाचणीच्या मशीनवरचा टॅलीचा अख्खा डेटा फोल्डर उडवतो, समोरच्याचा चेहरा नीट पांढरा पडू देतो आणि मग तो फोल्डर जसाच्या तसा परत आणतो! कालचा हवा तर कालचा, मागच्या सोमवारचा हवा तर सोमवारचा. हे इतकं सोपं असतं हे मला आजवर कुणी का सांगितलं नाही?

आमचं सीएचं ऑफिस. डझनभर कॉम्प्युटर आणि बॅकअप म्हणजे शनिवारी पेनड्राइव्हवर कॉपी-पेस्ट. "एखादं बरं सॉफ्टवेअर बघ रे," म्हणून सरांनी काम माझ्या गळ्यात मारलं आणि मी या विषयात जो शिरलो तो अजून बाहेर आलेलो नाही. व्हीमची कम्युनिटी एडिशन पाहिली, दहा मशीनपर्यंत फुकट. आमची थोडी जास्त. बाक्युला पाहिलं. 2000 सालापासूनचं भारदस्त प्रकरण, पण सगळ्या सेटिंग फायलींत हाताने लिहायच्या. आणि मग भेटलं यूआरबॅकअप. फुकट, ओपन सोर्स!

एका जुन्या पीसीत मोठी हार्ड डिस्क टाकून सर्व्हर बसवला, बाकीच्या मशीनवर छोटा क्लायंट. लॅनवरचे क्लायंट सर्व्हर आपले आपण शोधतो हो! ब्राउझर उघडला तर सगळ्यांची नावं ओळीने हजर, पुढे शेवटचा बॅकअप कधी झाला ते. मुळातल्या सेटिंगनुसार दर पाच तासांनी फक्त बदललेल्या फायली उचलल्या जातात. एकच फाइल पाच जणांकडे असली तरी डिस्कवर जागा एकदाच खाते. विंडोजच्या शॅडो कॉपीमुळे उघडी एक्सेल फाइलही सुटत नाही. टॅलीचा मात्र टॅलीतूनही वेगळा बॅकअप घ्यावा. चालू नोंदीच्या मध्येच उचललेल्या डेटावर विसंबू नये. अख्ख्या विंडोजची इमेजही निघते. डिस्क गेली तर नवी बसवा, पेनड्राइव्हवरून बूट करा, मशीन पूर्वीसारखं उभं!

सगळ्यात आवडलं ते वेगळंच. शेअर्ड फोल्डरवर कॉपी ठेवली की रॅन्समवेअर तीही कुलूपबंद करतो, कारण ज्या मशीनला लागण झाली त्याला तो फोल्डर लिहिता येतो. इथे बॅकअप कधी घ्यायचा ते सर्व्हर ठरवतो आणि जुन्या प्रतींच्या फोल्डरला क्लायंटचा हातच पोचत नाही.

आता निवडीची खरी कसोटी. 31 जानेवारी 2017 रोजी प्रोग्रॅमरांचे कोड सांभाळणाऱ्या गिटलॅब कंपनीच्या इंजिनिअरने चुकीच्या सर्व्हरवरचा डेटाबेस उडवला, सुमारे 300 जीबी. बॅकअपच्या पाच वाटा होत्या, ऐन वेळी एकही धड चालली नाही. रोजचा बॅकअप घेणारा प्रोग्रॅम आवृत्ती न जुळल्याने फेल जात होता आणि त्याचा कुणालाच पत्ता नव्हता. सहा तास आधी एकाने दुसऱ्याच कामासाठी हाताने घेतलेली प्रत होती म्हणून निभावलं. एवढ्या जाणत्यांची ही गत, तर आपण कोण! म्हणून मी फीचरची यादी बाजूला ठेवली आणि प्रत्येक सॉफ्टवेअरला एकच प्रश्न विचारला: डेटा परत मिळतो का, आणि ऑफिसातल्या कुणालाही तो आणता येतो का? आमच्या रिसेप्शनवरच्या ताईंनी तारखेवर क्लिक करून स्वतःची फाइल उतरवून घेतली आणि माझा निर्णय तिथेच झाला.

एवढ्यावर थांबायचं मात्र नाही. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी लोकप्रिय केलेला 3-2-1 नियम पाळायचा: तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक ऑफिसबाहेर. आग लागली तर कॉम्प्युटर आणि बॅकअप सोबतच जातील ना! बाहेरच्या प्रतीसाठी आम्ही रेस्टिक नावाचं बॅकअप सॉफ्टवेअर लावलंय. ते सगळं एन्क्रिप्ट करून पाठवतं. त्याचा पासवर्ड हरवला तर डेटा कायमचा गेला, म्हणून तो सरांच्या तिजोरीत कागदावर. तुमची कंपनी असेल तर हा हौसेचा मामला उरतच नाही: कंपन्यांच्या हिशोबांच्या नियमांतल्या ऑगस्ट 2022 च्या दुरुस्तीनंतर इलेक्ट्रॉनिक हिशोबवह्यांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज ठेवणं बंधनकारक आहे.

तेव्हा सॉफ्टवेअर कुठलंही घ्या, पण पैसे मोजण्याआधी विक्रेत्याला समोर बसवा, एक फाइल उडवा आणि म्हणा, "आता आणून दाखवा!"